'सर्का' आणि 'सुमारे' : वाङ्मयेतिहासातील अदमासाची भाषा

१

वाङ्मयेतिहासात कालनिर्णयाचे वाद बरेच झाले. परंतु तो निर्णय ज्या शब्दांत नोंदविला जातो त्या शब्दांची चिकित्सा फारशी झालेली नाही. 'शके १२०० च्या सुमारास', 'तेराव्या शतकाच्या अखेरीस', 'अंदाजे', 'साधारणतः' ही शब्दावली इतिहासकार वापरतो, अभ्यासक ती वाचतो, आणि विद्यार्थ्याच्या वहीत उतरताना तिच्यातला केवळ आकडा शिल्लक राहतो. आकड्याभोवतीचा हा शब्द म्हणजे सौजन्यापोटी घातलेले पुस्तक असावे आणि ते सोलून काढले तरी मूळ विधानाला बाधा येत नसावी, अशी समजूत यामागे आहे. वास्तविक तो शब्द विधानाचाच भाग असतो. तो काढला की विधान संक्षिप्त होत नाही, वेगळे होते. आणि पुष्कळदा असत्य होते.

व्यवहारात ही चूक सहसा होत नाही. अकोल्याच्या जठारपेठेत कोणी वाट विचारली आणि 'दहाएक मिनिटं लागतील' असे उत्तर मिळाले, तर ऐकणारा घड्याळ लावून बसत नाही. आठ मिनिटे लागली किंवा तेरा लागली तरी सांगणारा खोटे बोलला असे त्याला वाटत नाही; अर्धा तास लागला तर मात्र वाटते. म्हणजे 'दहाएक' या शब्दात किती सूट आहे, हे बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असते. अदमासाच्या शब्दाचा अर्थ या परस्परसंमत मर्यादेत असतो. इंग्रजीतील 'सर्का' हा संक्षेपाने लिहिला जाणारा शब्द मराठी वाङ्मयेतिहासाने 'सुमारे' या रूपाने स्वीकारला. ही मर्यादा मात्र त्याच्याबरोबर आली नाही. ती का आली नाही आणि तिच्या अभावी काय घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

अदमासाच्या शब्दांच्या व्युत्पत्तीत त्यांच्यामागील कल्पनाचित्रे दडलेली असतात. 'सर्का' हा मुळात लॅटिन शब्द. त्याचा अर्थ 'भोवती'. एखाद्या वर्षाभोवती वर्तुळ काढावे आणि घटना त्या वर्तुळात कोठेतरी आहे असे म्हणावे, हे त्यातले चित्र. 'ॲप्रॉक्झिमेट' या शब्दातले चित्र वेगळे आहे. 'सर्वांत जवळचा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला असून त्यात लक्ष्याकडे सरकत जाण्याची क्रिया अभिप्रेत आहे. पहिल्यात स्थिर परिसर आहे, दुसऱ्यात गती आहे. भारतीय परंपरेत या दुसऱ्या कल्पनेशी समांतर असा अत्यंत नेमका शब्द सापडतो. इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे प्रमाण ६२,८३२ : २०,००० असे देताना आर्यभटाने ते 'आसन्न' असल्याचे सांगितले. आसन्न म्हणजे जवळ जाऊन बसलेले. चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर असलेले मूल्य देणारा गणिती ते मूल्य पूर्ण नाही हेही त्याच विधानात नोंदवितो. येथे अदमास हा अचूकतेचाच एक गुण झाला आहे.

मराठीतील प्रचलित शब्द मात्र बव्हंशी फारसीच्या मार्गाने आलेले आहेत. 'सुमार' हा फारसी 'शुमार' होय, आणि 'शुमार' म्हणजे मोजणी. 'खानेसुमारी' या जनगणनेच्या जुन्या नावात आणि 'बेसुमार' या विशेषणात तो मूळ अर्थ शाबूत आहे. ज्या शब्दाचा अर्थ 'मोजले' असा होता, तोच शब्द मराठीत 'नेमके मोजलेले नाही' हे सांगण्यासाठी रूढ झाला, हा अर्थप्रवास लक्षणीय आहे. 'अंदाज' या शब्दाच्या मुळाशी फेकण्याची क्रिया आहे. तीरंदाज आणि गोलंदाज या शब्दांतील 'अंदाज' तोच. अंदाज बांधणे म्हणजे लक्ष्यावर नजर ठेवून काहीतरी फेकणे. हिंदीत 'नजरअंदाज' म्हणजे नजरेबाहेर टाकलेले, दुर्लक्षिलेले. मराठी महसुली भाषेत 'नजरअंदाज' म्हणजे नजरेने केलेले मोजमाप. एकाच समासाने दोन भाषांत पाहण्याच्या आणि न पाहण्याच्या परस्परविरुद्ध दिशा धरल्या. 'अजमास' या शब्दाचे नाते 'आजमावणे' या क्रियेशी आहे. म्हणजे त्यात प्रत्यक्ष चाचपून पाहण्याची सूचना आहे.

मोजणे, नेम धरणे, चाचपणे या तीन वेगळ्या कृती होत्या. एकोणिसाव्या शतकात मराठी आणि इंग्रजी यांची कोशगत जुळणी होऊ लागली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली, आणि मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. द्वैभाषिक कोशाचे कार्यच असे असते की त्याला पर्याय द्यावे लागतात, आणि पर्याय शेजारी शेजारी मांडले की त्यांतले अंतर दिसेनासे होते. सुमारे, अंदाजे, अदमासे, साधारणतः हे शब्द परस्परांच्या जागी निश्चिंतपणे वापरण्याची शिष्ट गद्याची सवय या जुळणीला पोषक ठरली.

दुसरी एक गोष्ट अधिक परिणामकारक ठरली. 'सुमार' या शब्दाने पुढे दर्जाचा अर्थही धारण केला. सुमार कविता, सुमार बुद्धी, सुमार नाटक. 'सुमारांची सद्दी' हा विनय हर्डीकरांचा शब्दप्रयोग या अर्थाच्या रूढीची साक्ष देतो. 'साधारण' या शब्दाचेही असेच झाले. 'साधारण शंभर' यात तो अदमास दाखवितो, 'साधारण लेखक' यात कमीपणा. 'जेमतेम' याच रांगेतला. परिमाणाची अनिश्चितता सांगणारे शब्द गुणवत्तेची उणीव सांगू लागले, तेव्हा अनिश्चिततेवरच उणिवेची छाया पडली. 'अंदाजपंचे दाहोदरसे' या लोकोक्तीत ही छाया गडद आहे. दाहोदरसे म्हणजे दशोत्तर शत, एकशे दहा. बावीस पंचे दाहोदरसे हा पाढ्यातला खरा हिशेब. 'बावीस' काढून तेथे 'अंदाज' घातला की हिशेबाचे सोंग उरते. अशा भाषिक वातावरणात विद्वानाला 'सुमारे' हा शब्द आपल्या ज्ञानातली फट वाटावा आणि तो टाळता आला तर बरे असे वाटावे, हे स्वाभाविक होते.

३

शिष्ट गद्याने हे भेद पुसट केले, तरी बोलीने ते टिकवून ठेवले. 'जवळजवळ शंभर' म्हणजे शंभराच्या आत. शंभर भरलेले नाहीत. 'शंभरेक' म्हणजे शंभराच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक. 'शेसव्वाशे' म्हणजे शंभराच्या खाली नाही, वर मात्र पंचवीसपर्यंत. 'पन्नाससाठ', 'दीडदोनशे' या जोडसंख्यांत खालची आणि वरची अशी दोन्ही टोके उच्चारली जातात. 'पाचपन्नास' यांत टोके इतकी दूर जातात की संख्येचे महत्त्वच संपते आणि 'काही थोडे' एवढाच भाव उरतो. 'निदान शंभर' खालची सीमा पक्की करते, वरची मोकळी सोडते.

या सर्व प्रयोगांना एक व्याकरण आहे. चुकण्याची मुभा कोणत्या बाजूला आहे, ती किती आहे, आणि सांगणारा कोणत्या टोकाची हमी घेतो, हे तीन प्रश्न त्यांत सुटतात. 'सुमारे' हा शब्द यांपैकी केवळ पहिल्याचे उत्तर देतो, दोन्ही बाजूंना. मुभा किती, हे तो सांगत नाही. 'सुमारे शके १२००' यातील सूट पाच वर्षांची की पन्नास वर्षांची, हे वाचकाने कशावरून ठरवावे? जठारपेठेतल्या वाटसरूला जे ठाऊक असते ते येथे वाङ्मयाच्या अभ्यासकाला ठाऊक नसते.

४

'लीळाचरित्रा'चे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. महानुभावीय वाङ्मय सांकेतिक लिप्यांत आणि मठांतील पोथ्यांत राहिल्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच ते आधुनिक अभ्यासाच्या कक्षेत आले. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी त्याचा परिचय करून दिला. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ साली प्रसिद्ध झाले. पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी 'लीळाचरित्र' संपादित केले. कोलते यांची आवृत्ती १९७८ ची. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी सिद्ध केलेला हा ग्रंथ मराठी गद्याच्या आरंभीचा मानदंड म्हणून मान्य झाला आणि त्याला कालनिर्देश आवश्यक झाला.

तो निर्देश 'शके १२०० च्या सुमारास' असा रूढ झाला. हा आकडा पाहताच ध्यानात येते की तो गोळाबेरजेचा आहे. बाराशे ही पूर्ण शंभरांची संख्या आहे. तिची गोलाई हीच तिच्या अदमासाची खूण आहे. 'सुमारे' हा शब्द गळाला तरी 'शके १२००' हे रूप वाचकाला सावध करते. आता या आकड्यात ७८ मिळवावयाचे. उत्तर येते इ. स. १२७८. ही बेरीज निर्दोष आहे; परंतु तिच्यात एक गोष्ट हरवली आहे. १२७८ ही संख्या गोल नाही. तिच्या अंगावर अदमासाची कोणतीही खूण नाही. कोणीतरी हस्तलिखितात वर्ष वाचले आणि नोंदविले असा भास ती निर्माण करते. बाराशेत नसलेली अचूकता कालगणनेच्या रूपांतराने निर्माण केली. तिला पुराव्याचा आधार नाही. त्यातही शके १२०० हे वर्ष इ. स. १२७८ च्या चैत्रात सुरू होऊन १२७९ मध्ये संपते, ही बारीक गोष्ट वेगळीच. 'च्या सुमारास' हे शब्द गेले, १२७८ राहिले, आणि प्रश्नपत्रिकेत 'लीळाचरित्र केव्हा लिहिले गेले?' या प्रश्नाचे एका आकड्याचे उत्तर तयार झाले.

संप्रदायाची साक्ष काय सांगते? चक्रधरांचे उत्तरापंथे गमन झाल्यानंतर भक्तपरिवार रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात आला. तेथे नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाने म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या. म्हणजे ग्रंथाची पूर्वमर्यादा चक्रधरांच्या गमनाची, आणि गमनाच्या वर्षाविषयीच अभ्यासकांत एकवाक्यता नाही. उत्तरमर्यादा गोविंदप्रभूंच्या निर्याणाशी जोडावी लागते. कारण त्यांच्या निर्याणानंतर त्यांच्याही लीळांचे चरित्र सिद्ध झाले. या दोन टोकांच्या मध्ये ग्रंथ आहे, हे विधान पुराव्याला धरून आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, लीळा मिळविण्यासाठी म्हाइंभट गावोगाव साक्षीदारांकडे गेले असे परंपरा सांगते. जो ग्रंथ वर्षानुवर्षांच्या विचारपुशीतून आकाराला आला, त्याला एकच एक वर्ष असावे ही अपेक्षाच त्या ग्रंथाच्या निर्मितिप्रक्रियेशी विसंगत आहे.

५

या ठिकाणी ग्रंथकर्त्याच्या स्वतःच्या प्रमाणबुद्धीकडे लक्ष देणे आवश्यक आहे. महानुभाव लेखकांना अचूकतेची जाण नव्हती असे म्हणण्यास मुळीच जागा नाही. 'स्थानपोथी' पाहावी. चक्रधरांचा जेथे जेथे वास घडला त्या स्थळांची दिशा, देवळाचे तोंड, दाराची बाजू, शेजारची विहीर यांची ती नोंद करते. स्थळ हे भक्ताच्या नमनाचे अधिष्ठान असल्याने त्यात संदिग्धता चालत नाही. काळाच्या बाबतीत ही निकड नाही. लीळा घडली हे महत्त्वाचे; ती कोणत्या शकात घडली हे नमनाला अनावश्यक. याचा अर्थ असा की अचूकतेची मात्रा प्रयोजनानुसार ठरते. आधुनिक इतिहासकाराचे प्रयोजन वेगळे असल्याने तो संहितेला असा प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर देण्याचे तिने पत्करलेले नव्हते.

साक्षीच्या बाबतीत मात्र ही परंपरा विलक्षण काटेकोर आहे. एकांकातील लीळा चक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीच्या. तेथे सोबतीचा साक्षीदार नाही. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांत भक्तांचा परिवार सोबत आहे. ग्रंथाची ही विभागणी चरित्राच्या टप्प्यांची आहे, तशीच ती ज्ञानाच्या प्रतींचीही आहे. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाल्यानंतर स्मरणाच्या आधारे जे पाठ सिद्ध झाले, त्यांत हिराइसेसारख्यांच्या नावाने ओळखले जाणारे पाठ आहेत. जेथे स्मरणांत फरक पडला तेथे 'शोधु', 'वासना' अशा संज्ञांखाली पाठभेद संहितेतच ठेवले गेले. एकाचे स्मरण खरे धरून दुसऱ्याचे पुसून टाकण्याचा, किंवा दोहोंची सरासरी काढण्याचा मार्ग या लेखकांनी स्वीकारला नाही. कोणी काय सांगितले ते नावानिशी नोंदविणे, ही त्यांची अनिश्चितता हाताळण्याची रीत होती. सुमार, अंदाज हे फारसी शब्द मराठीत स्थिरावण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. शब्द नव्हता, शिस्त होती. पुढे शब्द आला आणि शिस्त सुटली, असे म्हणण्याचा मोह आवरला तरी वस्तुस्थिती त्यापासून फार दूर नाही.

६

'सुमारे' या शब्दाचा आणखी एक दोष असा की, तो भिन्न जातींच्या अनिश्चितता एकाच पिशवीत घालतो. निदान तीन जाती वेगळ्या करावयास हव्यात. पहिली, मर्यादांची : घटना दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे, 'लीळाचरित्र' या जातीचे. दुसरी, विकल्पाची : घटना या वर्षी किंवा त्या वर्षी घडली, मधल्या वर्षी नव्हे. ज्ञानदेवांच्या जन्माचे शके ११९३ आणि शके ११९७ असे दोन पक्ष आहेत. ज्ञानेश्वरीचे वर्ष, शके १२१२, ग्रंथाच्या अखेरीस नोंदलेले आहे. समाधी शके १२१८ ची. म्हणजे एका पक्षाने ज्ञानेश्वरी एकोणिसाव्या वर्षीची, दुसऱ्याने पंधराव्या वर्षीची. येथे तडजोड म्हणून 'शके ११९५ च्या सुमारास' असे कोणी लिहिले, तर विधान नम्र वाटेल, परंतु त्यातून हाती येणारे वर्ष कोणत्याच पक्षाला मान्य नसलेले असेल. विकल्पाची सरासरी निघत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या अलौकिक प्रतिभेविषयी जी समीक्षा लिहिली जाते, तिचा पाया या चार वर्षांवर आहे. तेव्हा विकल्प विकल्प म्हणूनच समोर ठेवणे ही समीक्षेचीही गरज आहे.

तिसरी जात उसन्या काळाची : वस्तूला स्वतःचे वर्ष नसते, शेजारच्या वस्तूचे वर्ष तिला दिले जाते. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशी असलेल्या मराठी लेखाला इ. स. ९८३ हे वर्ष पिढ्यानपिढ्या पाठ्यपुस्तकांनी दिले. त्या लेखात वर्ष कोरलेले नाही. मूर्ती चामुंडरायाने दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारली, यावरून लेखाचा काळ काढला गेला. त्याच लेखातील दुसरी ओळ ज्या गंगराजाचा निर्देश करते तो होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. मूर्तीचे वर्ष आणि मूर्तीखालील अक्षरांचे वर्ष एकच असले पाहिजे असे नाही, ही साधी शंका पुढील संशोधकांनी घेतली, आणि 'पहिला मराठी शिलालेख' या पदावरचा त्याचा हक्क डळमळीत झाला. येथे 'सुमारे ९८३' असे लिहिल्यानेही काही साधले नसते. आवश्यक होते ते एवढेच सांगणे, की हे वर्ष मूर्तीवरून घेतलेले आहे.

७

अदमासाला लाज न मानता त्याला शिस्त कशी लावावी, याचा धडा वऱ्हाडाला घराजवळच मिळतो. अकोला, अमरावतीकडे खरीप पिकांची पैसेवारी तीन टप्प्यांत जाहीर होते. ३० सप्टेंबरला नजरअंदाज, ३१ ऑक्टोबरला सुधारित, ३१ डिसेंबरला अंतिम. रुपयाचे सोळा आणे असताना हीच आणेवारी होती. पन्नास पैशांच्या वर की खाली, या रेषेवर गावाची टंचाईग्रस्तता आणि शेतकऱ्याच्या सवलती दीर्घकाळ अवलंबून राहिल्या. त्यामुळे या आकड्यांविषयी तक्रारी झाल्या, भांडणे झाली. व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही तिच्या भाषेत एक प्रामाणिकपणा आहे. पहिला आकडा आपण केवळ नजरेने काढला हे तो आकडा आपल्या नावातच सांगतो. तो कधी काढला हे तारखेने कळते, आणि तो बदलेल हे आधीच जाहीर असते. भांडावयाचे तर कशाशी भांडावयाचे, हे शेतकऱ्याला ठाऊक असते.

वाङ्मयेतिहासातील आकड्यांना असे नाव नाही, टप्पा नाही, तारीख नाही. १९३० च्या आसपास केलेला नजरअंदाज आज अंतिम म्हणून वाचला जातो, आणि मधला सुधारित टप्पा कोणत्या संशोधनात होऊन गेला याचा पत्ता विद्यार्थ्याला लागत नाही. 'विवेकसिंधू' शके १११० चा की नंतरचा, आद्यत्वाचा मान मुकुंदराजांचा की म्हाइंभटांचा, हे वाद ज्या आवेशाने खेळले गेले त्यातील पुष्कळसा आवेश अदमासांना निश्चित वर्षे समजण्यातून आला आहे. दोन अनिश्चित काळांमध्ये 'आधी कोण' हा प्रश्न विचारला, तर त्यांच्या मर्यादा परस्परांत शिरतात की नाही हे प्रथम पाहावे लागते. त्या शिरत असतील तर 'सांगता येत नाही' हेच शास्त्रीय उत्तर होय. आणि ते उत्तर सुमार दर्जाचे नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. प्राचीनत्वाला आता प्रतिष्ठेबरोबर संस्थात्मक मोलही आले आहे. अशा काळात आकडे मागे सरकविण्याचा आणि त्यांच्याभोवतीचे शब्द गाळण्याचा मोह वाढतो. म्हणून कालनिर्देशाची भाषा सुधारण्याची गरज आजच अधिक आहे. त्यासाठी नवी परिभाषा घडविण्याचे कारण नाही. मर्यादा असतील तर दोन्ही टोके लिहावीत. विकल्प असेल तर दोन्ही वर्षे आणि त्यांचे पुरस्कर्ते लिहावेत. काळ उसना असेल तर तो कोणाकडून घेतला हे लिहावे. गोल शकाचे इसवी सनात रूपांतर करताना त्याची गोलाई शब्दांनी राखावी. बोलीतील 'पन्नाससाठ' हा प्रयोग दोन टोके उच्चारतो, आणि 'लीळाचरित्रा'चे पाठ सांगणाऱ्याचे नाव पुसत नाहीत. 'सुमार' या शब्दाचा मूळ अर्थ मोजणी असा होता. 'सुमारे' लिहिणाऱ्याने आपण कोठून कोठपर्यंत मोजले हे सांगितले, तर त्या शब्दाला त्याचा अर्थ परत मिळेल.